बोटांना कळणारे यंत्र

(मध्य प्रदेशातल्या सरदारपुर येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

धारच्या राजा भोजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या अकराव्या शतकातल्या ग्रंथात वास्तुशास्त्राच्या जोडीला यंत्रांवरही एक अख्खा अध्याय आहे, एकतिसावा. त्यात नाना तऱ्हेच्या यंत्रांच्या करामती आहेत आणि चांगले यंत्र कोणते, याची यादीही आहे. यंत्र ढिले नसावे आणि ताठरही नसावे. हवे तेव्हा चालावे, नको तेव्हा थांबावे. जिथे आवाज नको तिथे गप्प राहावे आणि जिथे आवाज हवा तिथे मोठ्याने बोलावे. याच यादीत आणखी एक गुण सांगितला आहे : यंत्राची आतली करणी बाहेरून कळू नये.

आजच्या घरगुती यंत्रांनी हा शेवटचा गुण पुरता आत्मसात केला. आवाजाचा गुण मात्र मागे राहिला. अपंग माणसाची आजची अडचण या दोन वाक्यांत मावते.

जुन्या रेडिओचा कान पिळला की आधी ‘खट्’ असा आवाज येई आणि मग आवाज वाढत जाई. मिक्सरच्या फिरत्या बटणाला एक, दोन, तीन असे खटके असतात आणि ते बोटांना मोजता येतात. गॅसच्या शेगडीची कळ कुठल्या दिशेला आहे, यावरून आच किती हे न पाहता समजते. या वस्तू बनवताना अंध व्यक्तीचा विचार कोणी केला होता असे नाही, पण त्या वस्तू डोळ्यांना जे सांगत तेच बोटांनाही सांगत. मग इंडक्शनची शेगडी आली, सपाट पॅनेलचे वॉशिंग मशीन आले, मायक्रोवेव्ह आला. बटणाच्या जागी गुळगुळीत काच बसली. बोट फिरवले तर काही लागत नाही. उलट फिरवता फिरवताच काहीतरी सुरू होऊन बसते. वीस-पंचवीस वर्षे एकटीने स्वयंपाक केलेल्या अंध बाईला नवी शेगडी घरात आल्यावर आच कमी करण्यासाठी कोणाला तरी हाक मारावी लागते. डोळे तिचे आधीही नव्हते. बदलली ती शेगडी.

घरोघरी यावर एक साधा उपाय होतो. सुरू करायच्या जागेवर कपाळाची टिकली चिकटवतात, बंद करायच्या जागेवर नेलपॉलिशचा थेंब वाळवून उंचवटा करतात. उपाय चांगला आहे, कामाचाही आहे. पण हजारो रुपये मोजून घेतलेल्या वस्तूचे अर्धवट राहिलेले काम गिऱ्हाईक दोन रुपयांच्या टिकलीने पुरे करत आहे, एवढे तरी त्यावरून कळावे.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. मध्य प्रदेशात साडेपंधरा लाख, महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक. देशातल्या या लोकांपैकी जवळपास ७० टक्के खेड्यांत राहणारे. म्हणजे हा प्रश्न बंगलोर-पुण्याच्या प्रयोगशाळांत जितका आहे त्याहून अधिक सरदारपुरसारख्या तहसिलीच्या गावांत आहे. इथे वस्तू बिघडली तर दुरुस्तीला धार नाहीतर इंदूर गाठावे लागते आणि नवी घेताना दुकानात जी असेल तीच घ्यावी लागते.

या विषयात ज्याच्या कामाचे ऋण सगळ्या जगावर आहे, असा एक माणूस पुण्यात वाढला, हे मराठी वाचकाला फारसे ठाऊक नसते. टी. व्ही. रामन यांची दृष्टी काचबिंदूने चौदाव्या वर्षी गेली. घरची माणसे वाचून दाखवत, ते ऐकून शिकत. पुण्याच्या नौरोसजी वाडिया महाविद्यालयातून गणिताची पदवी घेऊन ते आयआयटी मुंबईत गेले. तिथे त्यांनी आलेखाची वक्ररेषा कानांनी ऐकता यावी, असा एक प्रकल्प केला. पुढे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १९९४ साली डॉक्टरेट मिळवली ती गणिताची सूत्रे बोलून दाखवणाऱ्या प्रणालीसाठी. तिचे नाव ‘ॲस्टर’, जे त्यांच्या वाटाड्या कुत्र्याचेही नाव होते. सूत्रात घात आला की या प्रणालीचा आवाज वरच्या पट्टीत जाई, अक्षराच्या पायाशी लहान अंक आला की खालच्या. कागदावर डोळा जे वर-खाली बघतो ते कानाला पट्टीच्या चढ-उतारातून मिळे. गायक कुमार गंधर्व देवासला राहत होते. त्या मुलखातल्या श्रोत्यांना एका स्वराच्या उंचीत किती अर्थ मावतो, हे वेगळे सांगायला नको.

रामन २००५ साली गूगलमध्ये गेले. थोड्याच काळात फोनची बटणे गेली आणि काच आली. त्या वेळी अनेकांना वाटले की अंधांसाठी हा रस्ता आता बंद झाला. बटणांच्या फोनवर निदान ५ या आकड्यावर एक टिंब असे. त्यावर बोट ठेवले की बाकीचे आकडे आपोआप सापडत. काचेवर टिंब कुठले? रामन यांनी प्रश्न उलटा घातला. बोटाने ५ कशाला शोधावा, ५ नेच बोटाखाली यावे. त्यांनी केलेल्या नंबर लावायच्या सोयीत काचेवर बोट प्रथम जिथे टेकेल ती जागाच ५ ठरे. तिथून डावीकडे वर सरकले की १, उजवीकडे खाली सरकले की ९. चूक झाली तर फोन नुसता हलवायचा, शेवटचा आकडा पुसला जाई.

या कल्पनेपाशी थोडे थांबायला हवे. काच तीच, फोन तोच, त्यात एक पैशाचाही नवा भाग घातलेला नाही. बदलले एवढेच की मोजायला सुरुवात कुठून करायची हे ठरवताना टेबलाशी एक अंध माणूस बसला होता. प्रस्तुत वक्त्याच्या मते अपंगांसाठीच्या यंत्ररचनेतला सर्वांत महत्त्वाचा धडा हाच आहे. डोळस अभियंत्याने डोळ्यांना पट्टी बांधून दहा मिनिटे वावरले म्हणजे हे सुचत नाही. रोज त्या काचेशी ज्याचा झगडा आहे त्यालाच ते सुचते, आणि त्याच्या हातात कोड लिहायचा अधिकार असेल तरच ते उत्पादनात उतरते. २००९ साली अँड्रॉइड फोनमध्ये पडदा वाचून दाखवणारे ‘टॉकबॅक’ आले. त्याच वर्षी आयफोनमध्येही ‘व्हॉइसओव्हर’ आले. आज कुठल्याही साध्या स्मार्टफोनमध्ये हे आधीपासून असते. बोट एकदा लावले की फोन नाव सांगतो, दोनदा टकटक केले की ते उघडतो.

आता जरा देवासकडे वळू. तिथल्या बँक नोट प्रेसमध्ये आणि नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये देशाच्या नोटा छापल्या जातात. नोट हे यंत्र नव्हे, पण हाताने ओळखायची वस्तू म्हणून तिच्याइतके चांगले उदाहरण नाही. आधीच्या महात्मा गांधी मालिकेत शंभराची नोट १५७ मिलिमीटर लांब होती आणि पाचशेची १६७. दहा मिलिमीटरचा फरक बोटांच्या पेरावर मोजता येतो, आणि अंध माणसे तो मोजत. २०१६ नंतरच्या मालिकेत शंभराची १४२, दोनशेची १४६ आणि पाचशेची १५० मिलिमीटर झाली. रुंदी तिघींचीही ६६. फरक उरला चार-चार मिलिमीटरचा! नोट कोरी असेल तर शंभराच्या नोटेवरचा उठावदार त्रिकोण, पाचशेवरचे वर्तुळ आणि कडेच्या तिरक्या रेषा बोटाला लागतात : शंभरावर चार, पाचशेवर पाच. पण होळीआधीच्या भगोरिया बाजारात, किंवा रोजच्या हाटात, घामट हातांतून शंभरदा फिरलेल्या नोटेवर उठाव उरत नाही. लांबी झिजत नाही, शाई झिजते. हा साधा भेद मालिका ठरवताना पुरेसा धरला गेला नाही.

मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या १९५२ पासूनच्या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात याबाबत दाद मागितली. १ जानेवारी २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने ‘मनी’ नावाचे ॲप काढले. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ते किंमत बोलून सांगते, आणि त्यासाठी इंटरनेट लागत नाही. ॲप उपयोगी आहे यात वाद नाही. तरी खिशातली नोट ओळखायला आधी हजारोंचा फोन जवळ असावा लागतो, आणि बसमध्ये कंडक्टर पुढे उभा असताना एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने नोटेचा फोटो घ्यावा लागतो. पूर्वी हे काम अंगठा आणि तर्जनी निमूटपणे करत.

सरदारपुरच्या प्रत्येक मतदाराने हाताळलेले एक इलेक्ट्रॉनिक यंत्र आहे : मतदानयंत्र. त्याची बाह्यरचना मुंबईच्या आयआयटीतल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरच्या प्राध्यापकांनी, ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांनी केली. हे केंद्र १९६९ साली सुरू झाले. ज्याने आयुष्यात दुसरे कुठलेही यंत्र चालवलेले नाही त्यालाही चालवता यावे, अशी ती रचना आहे. प्रत्येक नावाशेजारी एक निळे बटण, दाबले की दिवा लागतो आणि लांब ‘बीप’ वाजते. दिवा डोळ्यांसाठी, बीप कानांसाठी, दबणारे बटण बोटांसाठी. एकच गोष्ट तीन वाटांनी सांगितली जाते. २००४ सालापासून बटणांच्या बाजूला ब्रेल आकडे बसवायला सुरुवात झाली आणि उमेदवारांची ब्रेल यादी केंद्रावर मिळू लागली. कोणाला न विचारता मत देण्याचा आनंद अनेक अंध मतदारांना त्यानंतर पहिल्यांदा मिळाला.

पण पुढे याच यंत्राला व्हीव्हीपॅटची जोड मिळाली. २०१३ साली नागालँडमधल्या नोकसेनला ते प्रथम वापरले गेले, २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत देशभर. मत कोणाला पडले ती चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते आणि खाली पडते. दिसते, एवढेच. बोलत नाही. म्हणजे मत देण्याची सोय तीन इंद्रियांसाठी आणि मत बरोबर पडले का हे पडताळण्याची सोय एकाच इंद्रियासाठी. मूळ यंत्र घडवताना जी काळजी घेतली ती नंतरची जोड देताना निसटली. अशी निसटण्याची जागा जवळपास प्रत्येक उत्पादनात असते : पहिली आवृत्ती विचारपूर्वक केलेली, तिसऱ्या आवृत्तीत एखादी नवी सोय फक्त पाहणाऱ्यांसाठी.

यंत्राने आपली प्रत्येक गोष्ट किमान दोन इंद्रियांना सांगावी, एवढी एकच मागणी या व्याख्यानाची आहे. तिची कसोटी अगदी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही लावता येते. यूपीआयचे पैसे आले की रक्कम मोठ्याने सांगणारा तो लहानसा डबा, साउंडबॉक्स, गर्दीत हात गुंतलेल्या दुकानदारासाठी निघाला. अंध दुकानदाराला मात्र त्याने कोणावरही न विसंबता गल्ला सांभाळण्याची ताकद दिली. भोजाच्या यादीतला ‘जिथे आवाज हवा तिथे मोठ्याने’ हा गुण याच्या अंगी पुरेपूर आहे. आता त्याच दुकानात कर्णबधिर माणूस बसला आहे अशी कल्पना करावी. डबा बोलतो आणि त्याच्यासाठी काहीच घडत नाही. ठळक आकडे दाखवणारा छोटा पडदा असेल तर तोच डबा त्याचाही होतो. कार्ड घासण्याच्या यंत्राचे उलटे झाले आहे. बटणांच्या यंत्रावर अंध माणूस आपला पिन स्वतः टाकत होता; नव्या सपाट काचेच्या यंत्रावर बोटाला आकडे लागत नाहीत आणि गुप्त ठेवायचा आकडा परक्या माणसाला सांगण्याची पाळी येते. एटीएमच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने २००९ मध्येच बोलणाऱ्या यंत्रांचा आणि ब्रेल बटणांचा आग्रह धरला होता. युनियन बँकेने जून २०१२ मध्ये अहमदाबादला पहिले बोलणारे एटीएम बसवले, आणि त्यामागे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या दृष्टिबाधितांसाठीच्या केंद्राचा पाठपुरावा होता. एटीएमला लावलेली ही अट तेव्हा दुकानातल्या यंत्राला मात्र लागू झाली नाही.

हातांचीही एक गोष्ट आहे. फोनची काच बोटातून जाणाऱ्या सूक्ष्म विद्युतभारावर चालते. प्लॅस्टिकचे कृत्रिम बोट तिच्यावर कितीही आपटले तरी तिला ते कळत नाही. कुष्ठरोगाने ज्यांची बोटे बधिर झाली किंवा झिजली त्यांना ना स्पर्श कळतो, ना अंगठ्याचा ठसा उमटतो. रेशन दुकानातल्या अंगठ्याच्या यंत्रापुढे अशी माणसे उभी राहतात तेव्हा डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटवण्याची सोय तिथे हवी असते. आधारच्या नियमात ती सोय आहे. प्रश्न ती दुकानातल्या यंत्रात आहे का, एवढाच.

गोव्यात घडलेली एक गोष्ट आशा वाढवणारी आहे. बिट्स पिलानीच्या गोवा संकुलातल्या संस्कृती डावले, अमन श्रीवास्तव आणि त्यांच्या सोबत्यांनी विद्यार्थिदशेत, २०१४ च्या सुमारास, एका स्वस्त छोट्या संगणकावर ब्रेल शिकवणारे खेळणे करून पाहिले. त्यातून ‘ॲनी’ हे उपकरण झाले, नाव हेलन केलरच्या शिक्षिका ॲन सुलिव्हन यांच्यावरून. त्यावर टिंबे वर येतात, उपकरण अक्षर बोलून सांगते, मूल ते टाइप करते आणि चूक-बरोबर लगेच कळते. ब्रेल शिकवणारा शिक्षक एकेका मुलाचे बोट धरून शिकवतो. वर्गात आठ मुले असली तर सात जण वाट पाहत बसतात. ॲनीने ते वाट पाहणे कमी केले. दिल्लीच्या आयआयटीतून २०१४ मध्ये बाजारात आलेली ‘स्मार्टकेन’ही अशीच नेमक्या अडचणीवर बोट ठेवणारी. पांढरी काठी जमिनीवरचा दगड सांगते, पण छातीच्या उंचीवर वाकलेली फांदी किंवा ट्रकची मागे निघालेली फळी सांगत नाही. काठीच्या मुठीतले उपकरण श्राव्यातीत ध्वनीने तो अडथळा ओळखते आणि मूठ थरथरते. सरदारपुरच्या बाजाररस्त्यावरून चालणाऱ्याला यातले मर्म लगेच कळेल.

यंत्र बोलते, पण कोणत्या भाषेत? धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. तिथली मराठी घरे आजही देवघरापुढे मराठीत बोलतात आणि बाजारात माळवीत. सरदारपुर तर ग्वाल्हेर संस्थानातले, माळवा भिल्ल पलटणीच्या छावणीचे गाव. अशा घरातल्या आजोबांनी फोनवर मराठी मजकूर लावला आणि फोनचा आवाज हिंदीचाच राहिला, तर ‘ळ’ला तो अडखळतो. नीट मराठी आवाज बसवला तरी एक पेच उरतो. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगण्याची आज्ञा, लिहायला एकच, उच्चार दोन. देवनागरीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार दाखवायची खूणच नाही. ऐकणाऱ्याला संदर्भावरून ओळखावे लागते आणि यंत्राला ते शिकवावे लागते. हे काम मराठी जाणणाऱ्यांनीच करायचे आहे, ते दुसरे कोणी करणार नाही. आणि भिली? २०११ च्या जनगणनेत भिली-भिलोडी गटातली मातृभाषा सांगणारे १ कोटींहून अधिक लोक होते. फोनच्या स्क्रीन रीडरला त्या भाषेचा आवाज नाही. माही नदीच्या काठच्या पाड्यावरच्या अंध भिल्ल मुलीला फोन वापरायचा तर आधी हिंदी शिकावी लागते.

कायदा कमी पडत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे ४३ वे कलम खास ग्राहकोपयोगी वस्तूंसाठीच आहे : सर्वांना वापरता येतील अशा वस्तूंच्या निर्मितीला आणि वाटपाला सरकारने चालना द्यावी, असे ते सांगते. ‘चालना’ हा शब्द मऊ आहे, आणि तो मऊपणा उत्पादकांच्या पथ्यावर पडला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१८ मध्ये शिफारस केली की पाच किंवा अधिक मॉडेल काढणाऱ्या फोन कंपनीने २०२० अखेरपर्यंत निदान एक तरी अपंगांना वापरता येईल असे काढावे. ती शिफारसच होती. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, सरन्यायाधीश म्हणून आपल्या कामाच्या शेवटच्या दिवशी, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने राजीव रतुरी खटल्यात निकाल दिला : सुगम्यतेचे नियम केवळ सल्लावजा ठेवणारा १५ वा नियम मूळ कायद्याशी विसंगत आहे, सरकारने बंधनकारक मानके करावीत. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. ॲसिड हल्ल्यात डोळे भाजलेल्या स्त्रियांना बँकेच्या ऑनलाइन ओळखपडताळणीत ‘पापणी मिटा’ ही अट पार करता येत नव्हती. त्या प्रकरणात न्यायालयाने डिजिटल सोयींपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. युरोपात २८ जून २०२५ पासून फोन, टीव्ही, एटीएम, ई-पुस्तकांची उपकरणे सुगम असणे बंधनकारक झाले आहे. तिथे विकायला जे मॉडेल सुगम केले जाईल ते इथे विकताना तसेच ठेवायला कंपनीला नवा खर्च नाही.

भारतीय मानक ब्युरोचे आयएस १७८०२ हे मानकही आता आहे. सरदारपुरच्या दुकानात ते क्रमांक कोणी विचारत नाही, आणि विचारायची गरजही नाही. तिथे काउंटरवर उभे राहून तीन गोष्टी तपासता येतात. नवा फोन हातात घ्यावा, सेटिंगमध्ये टॉकबॅक सुरू करावे, डोळे मिटावेत आणि घरचा नंबर लावून पाहावा. मराठी आवाज फोनमध्ये आधीपासून आहे की तो नेटवरून उतरवून घ्यावा लागतो, हे विचारावे. पाड्यावर नेट नसते. वॉशिंग मशीनचे झाकण बंद करून पॅनेलवरून बोट फिरवावे आणि ‘सुरू’ची जागा बोटाला लागते का ते पाहावे. लागत नसेल तर दुकानदाराला तसे स्पष्ट सांगावे. दुकानदार वितरकाला सांगतो, वितरक इंदूरच्या डेपोला. आणि घरी आल्यावर टिकलीचे पाकीट काढावे. तोवर तिच्याशिवाय भागत नाही.